प्रेमानं ठेवलेलं नाव

गेल्या मे महिन्यात आम्ही सांगलीजवळ गावी होतो. विहिरीवर पोरं पाठीला डबे बांधून धबाधब उड्या मारत होती. माझा नऊ वर्षांचा मुलगा इथं नॉर्वेत, बर्गनच्या शाळेत पोहायला शिकलाय, तरी टी-शर्ट घालून काठावर बसून होता. खालून आवाज आला, "ए ढब्ब्या, तू नको मारू उडी, विहीर सांडंल!" सगळे हसले. तोही हसला. टी-शर्ट मात्र त्यानं काढला नाही.

हे घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि वाद पेटला. "हल्लीची पोरं नाजूक झालीत." "आम्हाला काय कमी चिडवलं?" दिरांचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. काळे, घारे, टकले, बोबडे ही आडनावं कशी पडली असतील? एक बोबडे तर देशाचे सरन्यायाधीश झाले. वापरून वापरून नाव गुळगुळीत होतं, असं त्यांचं म्हणणं.

मला ते पटत नाही. आडनाव अख्खं घराणं वाहतं, पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अर्थ झिजतो. 'ढब्ब्या' एकट्या पोराच्या पोटाकडे बोट दाखवतं. आमच्या वर्गातल्या एकीला आम्ही 'दाताळी' म्हणायचो, मीसुद्धा. दहावीपर्यंत ती तोंडावर हात धरूनच हसायची. नाव गुळगुळीत झालं का, हे तिला विचारायला हवं.

नॉर्वेतली मुलंही चष्मा लावणाऱ्याला 'ब्रिलेस्लांगे' म्हणतात, म्हणजे 'चष्म्याचा साप', आपला नाग. फरक आहे तो मोठ्या माणसांच्या वागण्यात. 1982 साली उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केली. सोबत्यांचा छळ त्यामागे असावा असं समोर आलं आणि पुढच्याच वर्षी देशभरातल्या शाळांत मोहीम सुरू झाली. बर्गनचे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांचा छळविरोधी कार्यक्रम त्याच काळात आकाराला आला. 2017 पासून तर कायदाच मुलाला काय वाटतं ते धरून चालतो. मुलाला शाळेत सुरक्षित वाटत नसेल, तर शाळेला लेखी योजना करावीच लागते. चिडवणाऱ्याचा हेतू काय होता, ते नंतर.

तरी गावाकडच्या लाडाच्या हाकेतली ऊब मला इथं फार आठवते. मुलाची आत्या त्याला 'ढब्बू' म्हणते, तेव्हा तिच्या हातात त्याच्यासाठी कापलेला हापूस असतो.

सुट्टीनंतर पोहण्याच्या तासालाही तो टी-शर्ट घालूनच उभा राहिला. बाईंनी त्याला बाजूला घेऊन विचारलं आणि आम्हाला फोन केला. मी ताईंना, म्हणजे त्याच्या आत्याला, फोन लावला.

"अगं, प्रेमानं म्हणतो आम्ही," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प. "त्याच्याकडे दे बघू. काय म्हणू रे बाळा तुला?"

"नावानं हाक मार, आत्या."

त्या दिवशी बोलताना त्या दोनदा चुकल्या. दोन्ही वेळा मध्येच थांबून त्यांनी त्याचं नाव घेतलं.