कादंबरीचा उतारा आधी इथे दिला, म्हणून ती बाद?

आज सकाळी एका प्रकाशन संस्थेचे उत्तर आले. पावसाळ्याच्या तोंडावर पाठवलेल्या माझ्या कादंबरीबद्दल त्यात दोनच ओळी होत्या: हस्तलिखितातील काही भाग समाजमाध्यमांवर आधीच प्रसिद्ध झालेला असल्याने संस्थेला त्याचा विचार करता येणार नाही, आणि पुढील लेखनास शुभेच्छा. कादंबरी आवडली नाही असे कळवले असते, तर वाईट वाटूनही मी ते मान्य केले असते. लेखनाच्या बऱ्यावाईटाबद्दल चकार शब्द न काढता दिलेल्या या नकाराने मात्र मला दिवसभर स्वस्थ बसू दिलेले नाही.

कादंबरी बडोद्याची आहे. दांडिया बाजारातल्या वाड्यात बिऱ्हाड असलेले, गायकवाड सरकारच्या खानगी खात्यात, म्हणजे राजघराण्याचा खासगी कारभार पाहणाऱ्या खात्यात, कारकुनी करणारे एक कुटुंब. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले त्या १ मे १९४९ ला ती सुरू होते आणि महाराष्ट्र व गुजरात वेगळे होऊन बडोदे गुजरातेत आले त्या १ मे १९६० ला संपते. दोन्ही दिवस रविवारचे होते. एवढ्या मोठ्या हस्तलिखितातली मोजकी पाने मी इथे फेसबुकवर अधूनमधून दिली. शेवट दिलेला नाही, कथानकाची गाठ कुठेही सोडलेली नाही.

त्यांतला एक उतारा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल: कारकून कचेरीतून परततो आणि वाड्याचा अंधारा जिना चढतो, एवढाच. त्या रात्री ठाण्याहून एका आजींचा निरोप आला. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून नातीने उतारा वाचून दाखवला होता आणि आजींचे उत्तरही तिनेच टंकून पाठवले होते. आजींचे वडील खानगीतच होते. रविवारी ते कधी पगडी घालत नसत, पण १ मे १९४९ च्या सकाळी पगडी घालून कचेरीपर्यंत गेले, दाराला रोजच्यासारखेच कुलूप पाहून परत आले आणि काही न बोलता त्यांनी पगडी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवली. खुंटी मात्र कुणालाही काढू दिली नाही. पुढे त्या खुंटीवर घरात कोणी काही अडकवले नाही.

हे मला कोणत्या दप्तरात मिळाले असते? सयाजीरावांनी १९१० साली स्थापन केलेल्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी कितीतरी दुपारी घालवल्या आहेत. संस्थानाच्या कारभाराचे अहवाल वाचले, खात्यांची रचना समजून घेतली, त्या काळची भाषा कानात साठवली. पण बंद कचेरीचे कुलूप बघायला पगडी घालून गेलेला माणूस अहवालात नसतो. तो ठाण्यातल्या एका खोलीत, एका वृद्ध बाईच्या आठवणीत होता आणि माझा उतारा तिथवर पोचला म्हणून तो कादंबरीत आला.

पुण्या-मुंबईच्या लेखकाला हे कदाचित कळणार नाही. त्याला हस्तलिखित काखोटीला मारून संपादकाकडे जाता येते, चार जाणत्यांना घरी बोलावून प्रकरण वाचून दाखवता येते. आमच्याकडे मराठी शाळा आटत गेल्या, घरातली मुले गुजरातीत आणि इंग्रजीत शिकली आणि मराठी कादंबरीचे कच्चे प्रकरण ऐकून त्यावर परखडपणे बोलेल असा माणूस शोधत फिरावे लागते. २०१८ साली एक्याण्णवावे साहित्य संमेलन बडोद्यात झाले. बृहन्महाराष्ट्रातल्या मराठीबद्दल त्या मांडवात किती कळकळीने बोलले गेले, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. ती कळकळ खरी असेल, तर इथल्या लेखकाने आपले वाचक जिथे भेटतात तिथे शोधले हा त्याचा गुन्हा कसा ठरतो?

आणि मराठीत हे नवीन आहे असे कोणी सांगू नये. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यात क्रमशः येत राहिल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत आणि नंतर पुस्तकही निघे. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा घातली, तेव्हापासून आगामी कादंबरीतले प्रकरण दिवाळी अंकात येणे हा लेखकाचा मान समजला जातो. तेच प्रकरण फेसबुकवर आले की त्याचा विटाळ होतो! मला आलेल्या पत्रात याचे स्पष्टीकरण नाही. उलट, हस्तलिखितासोबत त्यांनी जो अर्ज भरून घेतला होता, त्यात समाजमाध्यमांवर आपला वाचकवर्ग किती, असा स्वतंत्र रकाना होता. वाचकवर्ग हवा, पण त्याला काही वाचायला दिलेले नको!

कायद्याने पाहिले तर लोकांपर्यंत पोचवणे हेही प्रकाशनच ठरते आणि दिलेली पाने अप्रकाशित राहिली नाहीत, हे मला मान्य करावे लागेल. लेख चोरीला जातात, नाव गाळून व्हॉट्सॲपवर फिरतात, हेही खरे आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून स्वामित्वहक्क लेखकाचा असतो, नोंदणी सक्तीची नाही, लेखकामागे साठ वर्षे तो टिकतो. पण चोराच्या मागे कोर्टात धावायला आपल्यापैकी कोणाला सवड आहे? ‘वा, सुंदर’ या शब्दांची चटक लागून कादंबरी अर्धवट टाकणारेही मी पाहिले आहेत. तरीही ही सारी जोखीम लेखकाची आहे. प्रकाशकाचे त्यात काय गेले? ज्या वाचकांनी ती पाने वाचली, तेच पुढे पुस्तक कधी येणार म्हणून विचारत राहिले आहेत.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती खपवणे किती कष्टाचे आहे ते मी जाणते. पैसे घालणाऱ्याने सावध असावे, यात गैर काही नाही. कोणी संपूर्ण कादंबरी फुकट वाचायला दिली असेल तर प्रकाशकाने ती नाकारावी, मी त्याचीच बाजू घेईन. पण उतारा आणि कादंबरी यांतला फरक पाहण्यासाठी निदान हस्तलिखित उघडावे, एवढी अपेक्षा मी सोडणार नाही. आजींच्या नातीचा मागच्या महिन्यात पुन्हा निरोप आला होता. पगडीचे प्रकरण छापून येईपर्यंत थांबायचे का, असे आजी विचारत होत्या. मी ते त्याच रात्री फोनवरून त्यांना वाचून दाखवले. वडील ट्रंकेचे झाकण लावताना आवाज होऊ देत नाहीत, या वाक्याशी त्यांनी मला थांबवले आणि तेवढेच पुन्हा वाचायला सांगितले.

हस्तलिखित आता दुसरीकडे पाठवते आहे आणि कोणती पाने इथे येऊन गेली आहेत, ते सोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. येत्या रविवारी शेवटच्या भागातला एक छोटा उतारा इथे देईन. १९६० च्या जूनमध्ये बडोद्यातल्या मराठी शाळेत जे गेले असतील, किंवा ज्यांच्या घरी त्या दिवसांबद्दल कोणी बोलत असेल, त्यांनी मला जरूर लिहावे: त्या वर्षी वर्गात काय बदलले, गुरुजी काय म्हणाले, हातात कोणती पुस्तके पडली. आठवण अर्धवट असली तरी चालेल.