आक्कांचा प्रश्न

मे २०२५. सीमेवर गोळाबार चालला होता त्या चार दिवसांत आमच्या धुळ्यातल्या गल्लीत एकाही घरचा टीव्ही बंद नव्हता. शेजारच्या आक्का तेवढ्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत बसल्या होत्या. मुलगा फौजेत. मोबाईल कमरेच्या पिशवीत, हात पिठाने भरलेले, तरी घडीघडी पिशवी चाचपायच्या. मी मदतीला बसले तशी म्हणाल्या, "तुमना येशू काय म्हनस वं लढाईबद्दल?"

येशू काय म्हणतो ते मला लहानपणापासून पाठ आहे. वैऱ्यांवर प्रीती करा. त्याला पकडायला आले तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने तलवार उपसली, तीही त्याने परत ठेवायला लावली. पण फौजीच्या आईला हे ऐकवायला जीभ रेटेना.

मी ख्रिस्ती आहे आणि युद्ध पाप आहे असं मानते. चर्चमध्येही हे सगळ्यांना पटत नाही. निरपराधांना वाचवायला शस्त्र उचलावं लागतं, असं सांगणारी 'न्याय्य युद्धा'ची परंपरा ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडितापासून चालत आलीय, आणि ती मानणारे काही निर्दय नाहीत. पण आपलं युद्ध अन्यायाचं आहे असं कुठला राजा कबूल करतो?

ऑस्ट्रियातला फ्रान्झ येगरश्टेटर शेतकरी होता, घरी तीन लहान मुली. १९४३ मध्ये त्याने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला. बिशपनेही समजावलं, घरादाराकडे बघ. जखमींची सेवा करतो म्हणाला, ते कुणी मनावर घेतलं नाही. ९ ऑगस्टला त्याचा शिरच्छेद झाला. "सगळेच असे वागले तर देशाचं काय?" असं लोक मला विचारतात. त्या फौजेतले सगळेच असे वागले असते तर?

आणि हे आपल्या धुळ्याचं. १९३२ मध्ये इथल्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीता सांगत, साने गुरुजी उतरवून घेत. त्यात एका न्यायाधीशाची गोष्ट आहे. कितीतरी जणांना फाशी दिलेली, पण स्वतःचा मुलगा खुनी म्हणून समोर आला आणि फाशी अमानुष वाटायला लागली. अर्जुनाचं तसंच झालं, ती अहिंसा नव्हे, स्वजनांचा मोह, असं विनोबा म्हणतात. (हेच विनोबा १९४० मध्ये युद्धाविरुद्ध पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले.) हे वाचलं की मला झोप लागत नाही. गल्लीतला पोरगा सीमेवर गेला तेव्हाच मला शांतता आठवली का?

म्हणून आक्कांना खरं ते सांगितलं. "मी रोज तुमच्या पोरासाठी प्रार्थना करते. आणि समोरून गोळी झाडणाऱ्या पोरासाठीही."

आक्का रागावतील असं वाटलं. त्या बराच वेळ हातातला बिबडा थापत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यानं नाव काय शे?"