प्री-वॉर म्हणे!

मॅनहॅटनच्या अप्पर ईस्ट साइडमधल्या घरांच्या जाहिराती वाचून डोकं उठलंय. प्री-वॉर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीची इमारत. उंच छत, जुनी लाकडी जमीन, वा वा! आणि 'क्लासिक सिक्स', म्हणजे सहा खोल्यांच्या जुन्या घरातली सहावी खोली? मोलकरणीसाठी बांधलेलं खुराडं. त्यातच पलंग कोंबून फोटो काढलेला. किंमत १० लाख डॉलर झाली की खरेदीदारावर मॅन्शन टॅक्स. मॅन्शन! या खुराड्याला! बरं, एवढे मोजूनही को-ऑपमध्ये घर आपल्या नावावर नाहीच, हातात इमारतीच्या मालक कंपनीचे शेअर्स. शिवाय दरमहा मेंटेनन्स. त्याआधी को-ऑपच्या बोर्डापुढे बँकेचे कागद, शिफारसपत्रं, मुलाखत. आणि नकार? कारण न सांगता. अहो, स्थळ नाकारतानासुद्धा लोक 'पत्रिका जुळत नाही' एवढं तरी कळवतात!