खाडीकाठच्या काकूंकडून

नमस्कार. नदीवरच्या म्हणी आणि बोलीतले शब्द यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही रात्री पावणेएकला लिहिलेली प्रतिक्रिया सकाळी चहा घेताना वाचली. चहा गार झाला. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोकरमध्ये 'रिव्हर' म्हणजे चौथं नव्हे, पाचवं पान. 'सोल्ड डाउन द रिव्हर'ला, म्हणजे विश्वासघात करण्याला, मी 'वाऱ्यावर सोडणं' म्हटलं ते चूक. 'अप द रिव्हर', म्हणजे तुरुंगात धाडणं, आणि 'तडीपार' यांची मी लावलेली जोडी उफराटी. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "काकू, ठाण्यात नदी नाही, खाडी आहे. खाडीकाठी बसून नदीची भाषा शिकवण्याआधी एकदा कोश उघडा."

तुमचं बरोबर आहे ते आधी. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात चौथं पान 'टर्न' आणि शेवटचं, पाचवं, 'रिव्हर'. चूक माझी. आमच्या घरात पत्त्यांची मजल मेंढीकोट आणि बदामसातपुढे कधी गेली नाही, त्यामुळे ऐकीव माहितीवर लिहिलं.

आता 'काकू'. मी तेवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. वर्गातली मुलं 'बाई' म्हणायची. सोसायटीतली मुलं काकू म्हणतात, त्यांना मी खाऊ देते. तुम्हाला काय द्यावं याचा विचार चालू आहे. आणि कोश म्हणाल तर मोल्सवर्थ माझ्या टेबलावरच असतो, 1857 च्या आवृत्तीची नंतरची छपाई. त्याच्या पुठ्ठ्याला मी स्वतः दोनदा खळ लावली आहे. उघडायला सांगू नका.

'ठाण्यात नदी नाही' हे वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. तुम्ही नेरुळला राहता असं मागे एकदा तुम्हीच लिहिलं होतं. तुमच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, आणि मोरबे बांधलंय धावरी नदीवर. आमच्याकडे येतं ते भातसेचं आणि उल्हासचं. म्हणजे रोज सकाळी चूळ भरायची नदीच्या पाण्याने, आणि वर विचारायचं, नदी कुठाय? उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून निघते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत खाली येते, आणि भरतीचं पाणी तिला जिथे भेटतं तिथून लोक तिला खाडी म्हणायला लागतात. नाव बदललं म्हणून नदी आटली का? लग्नानंतर माझंही बदललं होतं.

माझं माहेर कळव्याचं. पुलावर उभं राहिलं की दिवसातून दोनदा पाणी समुद्राकडून आत, डोंगराच्या दिशेने चढताना दिसायचं. 'उलटी गंगा' हा वाक्प्रचार तुम्ही पुस्तकात वाचला असेल, आम्ही तो शाळेत जाता-येता बघत होतो. त्यासाठी पदवी लागत नाही, पण पुलावर उभं राहावं लागतं.

आणि नुसती खाडी नव्हे. मामाचं गाव टिटवाळ्याच्या पुढे, काळू नदीच्या काठी. तिथे उताराजवळ एक काळा धोंडा होता, बसक्या म्हशीएवढा. पावसाळ्यात धोंड्याची पाठ दिसत असेल तर पलीकडे जायचं, बुडाला असेल तर घरी बसायचं, हा गावाचा कायदा. 1979 च्या जुलैत माझा शाळेचा दाखला पलीकडच्या वाडीत एका नातेवाइकाकडे अडकला होता आणि कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी. आजी सकाळपासून दर अर्ध्या तासाने ओसरीवरून ओरडत होती, "धोंडा दिसतोय का?" दुपारी चारला दिसला. मामा छातीएवढ्या पाण्यातून गेला, दाखला टोपीत घालून परत आला, आणि आजी म्हणाली, "न्हालं एकदाचं गंगेत घोडं." घोडा म्हणजे मामा. त्याच्या कोपरातून पाणी गळत होतं आणि दाखल्याचा एक कोपरा तेवढा निळा झाला होता.

पुढे आमच्या घरात हा बोलण्यातला शब्दच झाला. आजोबा रागावलेत की निवळलेत हे विचारायचं असलं की आतून कुजबूज यायची, "धोंडा दिसतोय का?" वडील कामावरून आले की आई तेच विचारायची. आमचे हे लग्नानंतर वर्षभरात शिकले. तुमची प्रतिक्रिया वाचत होते तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलंच. मी म्हटलं, पार बुडालाय.

आता सांगा, हे मी कुठल्या कोशात शोधू?

बाकीचं पटकन संपवते. 'तड' म्हणजे काठ, किनारा. त्याच तडीवरून आपण काम तडीस नेतो, आणि पोलीस गुंडाला तडीपार करतात, 1951 च्या पोलीस अधिनियमातल्या 55 ते 57 कलमांखाली, जास्तीत जास्त दोन वर्षं. 'अप द रिव्हर' आलं न्यूयॉर्कहून हडसनच्या वरच्या अंगाला, सिंग सिंगच्या तुरुंगात नेत असत त्यावरून. तुमचं म्हणणं, एकात माणूस आत जातो आणि दुसऱ्यात बाहेर. जातो, बरं. पण गावाच्या दृष्टीने दोघंही नदीच्या पलीकडेच गेले ना? मला त्यात गंमत वाटली. तुम्हाला नाही वाटली, राहू दे.

'सोल्ड डाउन द रिव्हर' गुलामगिरीतून आलंय, मिसिसिपीच्या खालच्या अंगाच्या कापसाच्या मळ्यांवर माणसं विकली जायची, हे मलाही ठाऊक आहे. मी प्रबंध लिहीत नव्हते. म्हणी दहावीच्या पुस्तकातल्या आहेत असाही एक टोमणा तुमच्या प्रतिक्रियेत आहे. दहावीच्या पुस्तकातल्याच आहेत. तिथे त्या शिकवायला मीच होते.

पोकरचं पान लेखात दुरुस्त केलं आहे. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, 'काकू'सकट ठेवली आहे. फक्त रात्री पावणेएकला लिहीत जाऊ नका, त्यात शुद्धलेखनाच्या सहा चुका आहेत.