चाकरमान्यांनी वर्गणी भरावी

मालवणकडच्या आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकाच पोराचा विषय चालू आहे. रापणीचे (म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याचे), बाजाराचे, आजीच्या चुलीवरच्या माशांच्या तिखल्याचे रील तो टाकत होता तोवर सगळे अंगठे वर होते. त्याने यूट्यूबवर महिना ८९ रुपयांची मेंबरशिप सुरू केली आणि 'दर्या काय तुझ्या बापाशीचो?' इथपर्यंत मजल गेली.

मी स्कॉटलंडला अॅबर्डीनमध्ये राहतो. त्याने पैसे मागितले ते योग्यच केलं, असं माझं ठाम मत आहे.

इथे आमच्या शेजारची बाई विणकाम शिकवते. इन्स्टाग्रामवर रोज मिनिटभराचा व्हिडिओ टाकते. त्यात नुसते हात, सुया आणि दोन रंगांचे धागे मागच्या बाजूने कसे न्यायचे एवढंच. ते फुकट. नमुन्याचा पूर्ण तक्ता, चुकलेली वीण कशी उसवायची, रविवारची प्रश्नोत्तरं हे मात्र पेट्रिऑन या चाहत्यांकडून वर्गणी घ्यायच्या साइटवर महिना ५ पौंड भरणाऱ्यांनाच. तिचे फॉलोअर हजारोंनी आहेत, पण घरखर्च निघतो तो पैसे भरणाऱ्या काहीशे जणांवर. आणि ते मागताना ती जराही संकोचत नाही.

आपल्याकडे मात्र सगळी चर्चा व्ह्यूजवर अडते. रील लाखात गेलं की पोरगं कमावतं झालं, असं घरचेही धरून चालतात. त्यापेक्षा साधा हिशेब मांडा. ३०० जणांनी ८९ रुपये भरले तर २६,७०० होतात. कर वजा करून उरलेल्यातले ३० टक्के यूट्यूब ठेवतं. हातात पंधरा हजारांच्या आसपास येतात, पण दर महिन्याला. कोकणात याचं मोल मोठं आहे. आंबा मे महिन्यापर्यंत, पर्यटक पाऊस लागेपर्यंत, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीमुळे यांत्रिक होड्या किनाऱ्यावर. त्या दोन महिन्यांत आधार देणारं उत्पन्न गावात कितीजणांकडे आहे?

धोका आहे, तो वेगळाच. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि वर्षानुवर्षं जमवलेले प्रेक्षक एका झटक्यात गेले. म्हणून रील ही ओळख करून द्यायची जागा समजावी. भरणाऱ्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने आपल्या वहीत असावेत.

आणि हे भरायचं कोणी? मुंबईत, आखातात, इकडे राहणाऱ्या आम्हीच. गावच्या जत्रेची वर्गणी आम्ही न चुकता पाठवतो. गावाची खबर, भाषा, चव रोज फोनवर आणून देणाऱ्याला ८९ रुपये देताना हात का आखडतो? समुद्राचे पैसे कोणी मागत नाही. पहाटे चारला उठून तो किनाऱ्यावर जातो, रात्री एडिटिंग करतो, त्या मेहनतीचे मागतो.

ग्रुपवरच्या एका आक्षेपात मात्र तथ्य आहे: कॅमेऱ्यात राबताना दिसतात ते दुसरेच. रापणीत दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. मग व्हिडिओतही तो मिळायला हवा, चुलीपुढच्या आजीलासुद्धा. मेंबरशिप मी घेतली आहे, आणि त्याला कळवलंय की कुणाला किती वाटा दिला ते दर महिन्याला मेंबरांच्या पोस्टमध्ये लिही.