भेदभाव करून घेण्यापूर्वी

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या ज्या कोणास वंश, धर्म किंवा लिंग यांवरून स्वतःवर अन्याय करून घ्यावयाचा असेल, त्याने तो मुहूर्त पाहूनच करून घ्यावा. प्रथम कचेरीतील माणसे मोजावीत. वर्षातले किमान वीस आठवडे पंधरा कर्मचारी कामावर नसतील, तर 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या लेखी तिथला भेदभाव ही साहेबांची खासगी आवड ठरते. ही मोजणी सोपी समजू नये. न्यू ऑर्लिन्समधील एका वेट्रेसला लैंगिक छळाबद्दल ज्यूरीने 40 हजार डॉलर दिले आणि निकाल लागून गेल्यावर मालकांना आठवले की, आपल्याकडे पंधरा माणसेच नाहीत. मग घरपोच खाणे नेणारे चालक आणि खुद्द मालकांच्या बायका यांना कर्मचारी मानायचे की नाही, याचा कीस पडला, निकाल रद्द झाला, आणि ही सबब इतक्या उशिरा चालणार नाही हे सांगायला 2006 साल उजाडावे लागले, तेही सर्वोच्च न्यायालयात.

मग कॅलेंडर. कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी समान रोजगार संधी आयोग या सरकारी संस्थेकडे, अन्याय झाल्यापासून 180 दिवसांत तक्रार करावी लागते. राज्याची तशीच यंत्रणा असेल तर 300 दिवसांत. अलाबामातील गुडइयरच्या टायर कारखान्यात काम करणाऱ्या लिली लेडबेटर यांना, पुरुषांपेक्षा आपला पगार कमी आहे हे निवृत्ती जवळ आल्यावर एका निनावी चिठ्ठीतून कळले. मुदत मात्र पगार ठरला त्याच दिवशी सुरू झाली होती, असे 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना ऐकवण्यात आले. शहाण्याने पगारवाढीच्या दिवशीच शेजाऱ्याच्या पाकिटात डोकावावे. (2009 मध्ये कायदा बदलला, पण पगारापुरता, बडतर्फीचे घड्याळ पूर्वीसारखेच चालते.)

तक्रार अर्जावरचे चौकोनही जपून भरावेत. टेक्सासच्या फोर्ट बेंड कौंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, सेवेतील एका महिलेची नोकरी रविवारी कामाऐवजी चर्चला गेल्यामुळे गेली. तिने आयोगाच्या प्रश्नावलीवर ‘धर्म’ हा शब्द हाताने लिहिला, पण मूळ तक्रारीत तो आलाच नाही. 2019 मध्ये तिचा दावा तगला, तो कौंटीला ही हरकत सुचायला काही वर्षे लागली म्हणून. तेव्हा प्रतिपक्षाला विसराळू वकील मिळेल, याचीही तजवीज आधीच करावी.

आयोगाचे परवानगीचे पत्र हाती पडले की दाव्यासाठी 90 दिवस मिळतात. त्यांतला एखादा दिवस, रुजू होताना न वाचता सह्या केलेल्या कागदांचा गठ्ठा शोधण्यासाठी राखून ठेवावा. कंपनीशी होणारा प्रत्येक वाद न्यायालयाऐवजी लवादाकडे नेण्यास आपण आनंदाने संमती दिल्याचे बहुधा त्यातच सापडेल.