नायजर डेल्टात तेल कोणाचं, हे पंचनाम्यात ठरतं

नायजेरियाच्या तेलाचा विषय निघाला की बोलणं लगेच बंदूकधारी टोळ्या, अपहरणं आणि भ्रष्ट मंत्र्यांवर जातं. ते सगळं आहेच. पण नायजर डेल्टात तेलावर ताबा कोणाचा, याचा निकाल पाइपलाइन फुटल्यावर खड्ड्याच्या काठावर भरल्या जाणाऱ्या एका फॉर्मवर लागतो. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी मालकीचं थोडक्यात. ओलोइबिरीला १९५६ मध्ये तेल लागलं आणि १९५८ मध्ये निर्यात सुरू झाली. १९६० च्या संविधानात खनिजाच्या उत्पन्नातला ५० टक्के वाटा ते जिथून निघालं त्या प्रांताचा होता. बियाफ्राचं युद्ध, म्हणजे नायजेरियातलं यादवी युद्ध चालू असतानाच, १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने सगळं तेल केंद्राचं झालं. १९७८ च्या जमीनवापर कायद्याने जमीनही राज्याच्या गव्हर्नरच्या अखत्यारीत गेली. शेतातून पाइपलाइन गेली तर पैसे मिळतात ते पिकाचे, झाडांचे, बांधकामाचे. जमिनीचे नाहीत. तेल देणाऱ्या भागाचा वाटा घसरत घसरत ऐंशीच्या दशकात दीड टक्क्यावर आला. १९९९ च्या संविधानाने तो किमान १३ टक्के केला, पण तो राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. ज्या गावाच्या खाडीत तेल सांडतं तिथवर तो पोचेलच याची हमी नाही.

(समुद्रातल्या तेलावरून तिथेही भांडण झालं. २००२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किनाऱ्यावरच्या राज्याची हद्द ओहोटीच्या रेषेपाशी संपते. २००४ मध्ये कायदा करून २०० मीटर खोलीपर्यंतचं तेल त्या १३ टक्क्यांच्या हिशेबात धरलं गेलं. आपल्याकडे मुंबईजवळच्या समुद्रातलं बॉम्बे हायचं तेल संविधानाच्या कलम २९७ प्रमाणे केंद्राचं, त्यामुळे जमिनीवरच्या विहिरींसाठी आसाम-गुजरातला मिळते तशी रॉयल्टी महाराष्ट्राला त्यावर मिळत नाही. तडजोडीचा तो मार्ग आपल्या लोकांनीही बघण्यासारखा आहे.)

आता पंचनामा. गळती झाली की कंपनीने २४ तासांत नोस्ड्रा या सरकारी गळती-नियंत्रण संस्थेला कळवायचं. मग कंपनी, नोस्ड्रा, तेल नियामक आणि गावाचे प्रतिनिधी मिळून जागेवर जातात. बोट बहुतेक वेळा कंपनीची, मोजमापाचं सामान कंपनीचं, पाइपलाइनमधल्या दाबाच्या नोंदीही कंपनीच्याच. फॉर्मवर दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे: गळतीचं कारण आणि सांडलेल्या तेलाचा अंदाज.

कारण महत्त्वाचं अशासाठी, की १९५६ च्या पाइपलाइन कायद्यात तिसऱ्या माणसाने मुद्दाम केलेल्या नुकसानीची भरपाई कंपनीवर येत नाही. आता पाइप बघून कारण कसं ओळखायचं? आधी पुरलेला पाइप उघडा करायचा, खड्ड्यातलं तेलपाणी उपसायचं आणि पाइप घासून स्वच्छ करायचा. आतून गंज लागला असेल तर भोक बहुधा तळाला असतं, कारण तेलातलं पाणी तिथे साचतं. कडा वेड्यावाकड्या आणि आजूबाजूचा पत्राही झिजलेला. अल्ट्रासोनिक जाडीमापक लावला की ते लगेच कळतं. चोरीचं भोक गोल, ड्रिलने पाडलेलं, सहसा वरच्या अंगाला, आणि त्यावर वेल्डिंग करून बसवलेली नळी आणि व्हॉल्व्ह. फरक स्पष्ट असतो, पण खड्डा पुरता उपसला आणि पाइप सगळ्या बाजूंनी बघितला तरच. नुसतं वरून पाहून कारण लिहिलं आणि क्लॅम्प ठोकून खड्डा बुजवला, की पुरावा त्याखाली गेला.

तेलाच्या अंदाजात तर गोंधळ याहून मोठा. डबक्याची लांबी, रुंदी आणि थराची जाडी गुणून आकडा काढतात. १०० बाय ५० मीटरच्या डागात थर १ मिलिमीटर धरला तर ५,००० लिटर, म्हणजे ३१ बॅरल. १ सेंटिमीटर धरला तर ३१४ बॅरल. शिवाय डेल्टातलं कच्चं तेल हलकं. त्यातला बराच भाग उडून जातो, बाकीचं भरती-ओहोटी वाहून नेते. भोकाचा आकार, पाइपमधला दाब आणि गळतीचे तास यांवरून काढलेला हिशेब जास्त भरवशाचा. पण त्यासाठी गळती कधी सुरू झाली ते लागतं, आणि खरा झगडा तिथेच.

बोडो गावचं उदाहरण घ्या. २००८ च्या पहिल्या गळतीत कारणावर वाद नव्हता. २४ इंची ट्रान्स-नायजर लाइनचं वेल्डिंग सदोष होतं. पण ती लाइन चालवणारी शेल कंपनी म्हणे गळती ५ ऑक्टोबरला सुरू झाली, गावकरी म्हणत २८ ऑगस्टला. ती बंद झाली ७ नोव्हेंबरला. पंचनाम्यात आकडा होता १,६४० बॅरल. अॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने तज्ज्ञाकडून काढलेला किमान अंदाज एक लाखाच्या वर. पुढे लंडनच्या खटल्यात शेललाही आपला आकडा कमी होता हे मान्य करावं लागलं आणि २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली. गाव लंडनला गेलं नसतं तर १,६४० हाच इतिहास राहिला असता.

२०२१ च्या नव्या पेट्रोलियम कायद्याने हे दुखणं आणखी वाढवलं. कंपनीने आधीच्या वर्षाच्या चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम गावांच्या विकासनिधीत टाकायची. गावांची मागणी १० टक्क्यांची होती. त्यातही अट अशी, की तोडफोड किंवा घातपात झाला तर दुरुस्तीचा खर्च त्या निधीतून वळता होणार. म्हणजे फॉर्मवर 'घातपात' लिहिलं गेलं की गावाची भरपाईही जाते आणि निधीही कापला जातो. चोरी कोणी केली याचा तपास व्हायच्या आत शिक्षा गावाला. हा सरळ अन्याय आहे.

चोरी खोटी नाही. खारफुटीत टाक्यांखाली जाळ लावून कच्चं तेल उकळतात, वाफ पाण्यातून नेलेल्या नळीत गार करून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढतात आणि उरलेला काळा गाळ खाडीत सोडतात. त्याने खाडी मरते. पण २०२२ मध्ये फोरकाडोस टर्मिनलच्या लाइनला जोडलेला ४ किलोमीटरचा बेकायदा पाइप सापडला आणि तो नऊ वर्षं चालू होता असं सरकारी तेल कंपनीनेच सांगितलं. एवढं काम होडीवाल्या पोरांचं नसतं.

डेल्टातल्या ओगोनी लोकांच्या भागात, ओगोनीत, १९९३ पासून उत्पादन बंद आहे. तेलाच्या प्रदूषणाविरुद्ध लढणारा तिथला लेखक केन सारो-विवा आणि त्याच्या आठ साथीदारांना १९९५ मध्ये फाशी दिलं, २०२५ मध्ये माफी दिली. जे गुन्हेगार नव्हतेच त्यांना माफी कसली? संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या अहवालात ओगाले इथल्या विहिरींच्या पाण्यात बेंझीन मर्यादेच्या ९०० पट होतं. शेलने नायजेरियात जमिनीवरचं तेल काढणारी आपली कंपनी मार्च २०२५ मध्ये रेनेसान्स या गटाला विकली, आणि ओगोनीतलं तेल पुन्हा काढायची बोलणी सुरू आहेत. तशी वेळ आलीच तर करारात काही गोष्टी आधी हव्यात: लाइनच्या दाबाची तासागणिक नोंद फॉर्मला जोडलेली, कापलेला पाइपचा तुकडा सीलबंद होऊन त्रयस्थ प्रयोगशाळेत, नोस्ड्राला स्वतःच्या बोटी, आणि सही करण्याआधी भरलेल्या फॉर्मची प्रत गावाच्या हातात.